पंख का झुकतात? फोमच्या आधी पाठीकडे बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, गरुडाचा वेश करायचाय आणि टोकापासून टोकापर्यंत दहा फुटांचे पंख हवेत. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा सांगाडा करून तो जुन्या दप्तराच्या पट्ट्यांवर बांधून पाहिलात, तर पंख दोन्ही बाजूंना लोंबले आणि खांदे मागे ओढले जाऊ लागले. हाताशी सहा आठवडे आहेत आणि तुम्ही विचारताय, ‘सगळ्यात हलका फोम कोणता?’

फोमचंही सांगते, पण ते बरंच खाली. तुमच्या सांगाड्यावर अजून एकही पीस चढलेलं नाही आणि तरी तो झुकतोय, म्हणजे फोमचा यात काहीच हात नाही. मी नाटकांचे, नृत्यनाट्यांचे आणि आता कॉस्प्लेचे, म्हणजे आवडत्या पात्रांसारखं सजण्याचे, वेश करते. पंखांची जी कामं दुरुस्तीला येतात त्यात पिसं तुटलेली क्वचितच असतात. बहुतेक वेळा पंख मुळाशी उखडलेला असतो, म्हणजे जिथे तो पाठीला भेटतो तिथे. म्हणून माझ्याकडे पंखाचं काम पाठीपासून सुरू होतं आणि टोकाकडे जातं. चित्र काढताना आपण उलटं करतो, आधी ऐटदार टोकं काढतो, आणि तिथेच घोळ होतो.

आधी दहा फुटांबद्दल. हे सर्वस्वी तुम्ही कुठे, किती वेळ आणि कसे वावरणार यावर आहे. रंगमंचावर दहा मिनिटांचा प्रवेश असेल तर दहा फूट चालतील. कॉमिक कॉनच्या हॉलमध्ये दुकानांच्या रांगा असतात, मधल्या वाटेत मुलं, बॅगा, फोटो काढणारे. तिथे आडवे पसरलेले दहा फूट म्हणजे दिवसभर ‘सॉरी, सॉरी’ म्हणत फिरणं. पंख लहान करा असं मी म्हणत नाही, त्याची ठेवण बदला. पाच फुटी पंख जमिनीशी ६० अंशांचा कोन करून उभा केला तर बाजूला अडीच फूटच जातो. पण मग वर सव्वाचार फूट जातो आणि प्रत्येक दारात वाकावं लागतं. मला सगळ्यात सोयीची वाटते ती अर्धमिटली ठेवण: पाठीपासून पंखाचा ‘दंड’ तिरका वर जातो, पंखाचं ‘मनगट’ डोक्याच्या थोडं वर येतं, आणि तिथून लांब पिसं बाहेर आणि खाली उतरतात. पक्षी बसल्या जागी पंख थोडे उघडतो तेव्हा असाच दिसतो. फोटोत हे भरगच्च दिसतं, आणि मुख्य म्हणजे वजन अंगाच्या जवळ राहतं.

वजन जवळ राहण्याला एवढं महत्त्व का, ते एका हिशेबात दिसेल. समजा एक पंख दीड किलोचा आहे आणि त्याचा भार सरासरी पाठीपासून २४ इंचांवर आहे. मुळाशी त्याचा पीळ (वळवणारा जोर) बसतो तो ६ इंचांवर टांगलेल्या ६ किलोंइतका. काट्यावर दीड किलो काहीच वाटत नाही, पण सांध्याला ते तसं जाणवत नसतं. आता तोच पंख त्याच जाडीच्या सामानात दुप्पट लांब-रुंद केला तर क्षेत्रफळ चौपट, म्हणून वजन चौपट, आणि अंतरही दुप्पट. मुळावरचा पीळ आठपट होतो. म्हणून ‘थोडा मोठा करू या’ म्हणताना दहादा विचार करा, आणि वजन वाचवायचं असेल तर ते टोकाकडे वाचवा. मुळाजवळचे १०० ग्रॅम परवडतात, टोकाचे परवडत नाहीत.

तुम्ही झुकणं आणि मागे ओढलं जाणं एकत्र लिहिलंय. ही दुखणी वेगळी आहेत.

बाजूला झुकण्याचं कारण दप्तर. दप्तराला ताठ पाठ नसते. डावा पंख डाव्या पट्ट्याला पिरगळतो, उजवा उजव्याला, आणि दोघांचा एकमेकांशी संबंधच येत नाही. दोन्ही पंख एकाच ताठ फळीवर बसवले की डावीकडचा पीळ आणि उजवीकडचा पीळ त्या फळीतच एकमेकांना तोलतात, तुमच्या अंगापर्यंत येतच नाहीत. मागे ओढलं जाणं मात्र असं आपोआप तोललं जात नाही, कारण दोन्ही पंख मागच्याच बाजूला आहेत. तिथे उपाय दोन: पंख पाठीच्या जितके जवळ बसवता येतील तितके बसवायचे, आणि वजन खांद्यांवरून काढून कमरेवर द्यायचं.

फळीसाठी ६ मिमीचं प्लायवूड पुरतं. साधारण ३० सेंमी रुंद, ४० सेंमी उंच; एवढ्या तुकड्याचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. साइनबोर्डवाल्यांकडे अॅल्युमिनियमच्या एसीपी शीटचे (दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या) कापून उरलेले तुकडे मिळतात, तेही बरे, फक्त त्यांना भोकाशी मोठे वॉशर लावल्याशिवाय बोल्ट घालू नका. सनबोर्ड मात्र नको. तो दिसायला ताठ असतो, पण भोकाभोवती चुरतो. फळीची उंची अंदाजाने कापू नका. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड उठून दिसतं तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत कुणाकडून तरी टेप लावून घ्या. फळी या मापाच्या आत राहिली पाहिजे, नाहीतर मान मागे करताच टोचेल. वरच्या दोन कोपऱ्यांना चांगली गोलाई द्या, म्हणजे हात उचलताना खांद्याची पाती घासणार नाहीत. गरुड हात जोडून उभा राहणार असेल तर हात हलायलाच हवेत ना!

पट्ट्यांसाठी दप्तर सोडा, जुनी ट्रेकिंगची सॅक शोधा. जाड कंबरपट्टा असलेली, छातीवर आडवा पट्टा असलेली. सॅक फाटलेली असली तरी चालेल, आपल्याला पट्टेच हवेत. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून ते फळीवर शिवून, रिव्हेट मारून घ्या. घालताना क्रम असा: आधी कंबरपट्टा कमरेच्या हाडांवर आवळायचा, मग खांद्यांचे पट्टे ओढायचे, शेवटी छातीचा. खांद्याच्या पट्ट्यांचं काम फळी मागे कलंडू न देणं एवढंच. भार त्यांनी घ्यायचा नाही. बोट सहज आत जात असेल तर बरोबर आहे. फळी आणि पाठ यांच्यामध्ये १० मिमीचा मऊ फोम, आणि बोल्टची डोकी त्याखाली पूर्ण बुजलेली. हे सगळं छातीच्या कवचाखाली आणि शेल्याखाली सहज लपतं, गरुडाच्या वेशाचा तोही एक फायदा.

आता सांधा. मी इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा.

गोल पाइपात गोल पाइप घातला की तो फिरतो. टी-जॉइंटला कितीही चिकटपट्टी गुंडाळा, पंखाचा पुढचा भाग जड असल्यामुळे तो हळूहळू पुढे किंवा मागे लोळतोच. म्हणून चौकोनी नळी घ्यायची. स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्यांकडे अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचे उरलेले तुकडे पडलेले असतात आणि ते वजनावर देतात. एक नळी बाहेरची, ती फळीवर कायमची. दुसरी तिच्यात सरकणारी, ती पंखाची. दुकानात प्रत्यक्ष एकीत दुसरी घालून बघूनच घ्या, मापं सांगून आणलेल्या नळ्या हमखास खुळखुळतात. थोडी फट राहिलीच तर आतल्या नळीला कापडी टेपचा एक थर द्या.

बाहेरची नळी, म्हणजे खोबण, किती लांब हवी? मगाचाच हिशेब पुढे न्या. पीळ ३६ ‘किलो-इंच’ आहे. खोबण २ इंचांची असेल तर तिच्या दोन टोकांवर प्रत्येकी १८ किलोंचा दाब येतो. ६ इंचांची केली तर तोच दाब ६ किलोंवर उतरतो. नळी तीच, बोल्ट तेच, फक्त लांबी वाढली. म्हणून ६ इंचांच्या खाली जायचंच नाही, ८ मिळाली तर उत्तम. दोन्ही खोबणी फळीवर इंग्रजी ‘व्ही’सारख्या तिरक्या बसवा, तळाशी जवळ आणि वर लांब. प्रत्येकीला दोन यू-क्लॅम्प, फळीच्या आरपार बोल्ट, मागे रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सैल न होणारा). साधे नट चालताना बसणाऱ्या हादऱ्यांनी सैल होतात. पंखाची नळी आत सरकवल्यावर दोन्ही नळ्यांतून आरपार एक बोल्ट आणि हाताने फिरवायचा विंग नट, म्हणजे पाना न शोधता मिनिटभरात पंख निघतो. बाथरूमला जायची वेळ आली की या नटची किंमत कळते.

सांगाड्याचा मुळापासून मनगटापर्यंतचा भाग अॅल्युमिनियमचाच ठेवा. तिथून पुढे धातू नको. पुढे बांबूची कामटी. पीव्हीसी पाइप आत वाळू भरून हीट गनने (गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने) सुरेख वळतो, हे खरं, पण त्याच्यावर सतत भार राहिला की तो कालांतराने आपण होऊन वाकत जातो आणि उन्हात लवकर वाकतो. तुमचा सध्याचा पाइप पिसं चिकटवताना पंख टेकवायच्या स्टँडसाठी वापरा, तिथे तो उपयोगी आहे. बांबू हलका, ताठ आणि वाकून परत सरळ होणारा. ज्या हातांनी आकाशकंदील बांधलाय त्यांना वेगळं शिकवायला नको: कामटीची साल बाहेरच्या बाजूला ठेवायची, वळवायची असेल तर भिजवून मंद आचेवर हळूहळू वाकवायची, आणि प्रत्येक गाठीला फेव्हिकॉलमध्ये बुडवलेला दोरा गुंडाळायचा. पुण्यात बुरूड आळीत, आणि एरवी कुठल्याही गावात बुरुडाकडे, हव्या त्या जाडीच्या कामट्या तासून मिळतात. कोकणातले असाल तर माणगा बांबू मागा, तो जवळजवळ भरीव असतो आणि टोकाच्या बारीक काड्यांना छान.

मनगटापासून फळीच्या खालच्या कोपऱ्याकडे एक तिरकी कामटी जरूर टाका. चौकोन हलतो, त्रिकोण झाला की तो हलत नाही. आणि एक युक्ती जी मी बहुतेक प्रत्येक जोडीला वापरते: डाव्या मनगटापासून उजव्या मनगटापर्यंत, डोक्याच्या मागून, एक ताणलेली दोरी. दोन्ही पंख बाहेर पडू बघतात आणि दोरी दोघांना एकमेकांच्या आधाराने धरून ठेवते. अर्धा झुकाव इथेच जातो. तंगूस (मासेमारीचा पारदर्शक नायलॉनचा दोरा) दिसत नाही म्हणून मोह होतो, पण साधा तंगूस ताणला जाऊन सैल पडतो. विणलेली नायलॉनची बारीक दोरी घ्या आणि पिसांच्या रंगाची करा. ती मानेच्या उंचीवर येता कामा नये, डोक्याच्या वर किंवा पाठीवरच असली पाहिजे.

एवढं झालं की थांबा, पिसांना हात लावू नका. उघडा सांगाडा अंगावर चढवा आणि प्रत्येक पंखाला पाठीपासून दोन फुटांवर एक लिटरची पाण्याने भरलेली बाटली बांधा. पूर्ण झालेल्या पंखाचा भार साधारण तसाच असेल. मग घरात तासभर वावरा. जिना चढा-उतरा, स्टुलावर बसा, खाली पडलेली किल्ली उचला, दारातून जा. काही दुखलं, सरकलं, करकरलं तर ते आत्ता दुरुस्त करायला अर्धा तास लागतो. पिसं लागल्यावर त्याच कामाला दोन रात्री जातात.

थोडक्यात इथवरचं: ताठ फळी, वजन कमरेवर, चौकोनी आणि लांब खोबण, मनगटापुढे बांबू, डोक्यामागे दोरी, आणि बाटल्यांची परीक्षा. सहा आठवड्यांतले दोन यातच जातील, जाऊ द्या.

आता तुमचा फोम. पिसांसाठी ईव्हीए घ्या, चपलांच्या तळव्यांना वापरतात तो रबरासारखा फोम. पॅकिंगमधला पांढरा फोम, ईपीई, त्याहून हलका असतो, पण त्याच्यावर रंग टिकत नाही आणि गरम करून दिलेला आकारही धरत नाही. आपल्या घराघरात असलेल्या योगा मॅटचे स्वस्त प्रकार बऱ्याचदा पीव्हीसीचे असतात. त्यांच्यावर हीट गन चालवू नका, निघणारा धूर घातक असतो. ईव्हीए चप्पल-बुटांच्या कच्च्या मालाच्या दुकानांत २ मिमीपासून हव्या त्या जाडीत मिळतं. दुकानदार घनता आकड्यात सांगेलच असं नाही, म्हणून एक चौरस फुटाचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाका. २ मिमीचा तुकडा १८-१९ ग्रॅम भरला तर घनता १०० किलो प्रति घनमीटरच्या आसपास आहे, आणि आपल्याला ती योग्य. फार कमी भरला तर फोम बोटाने दबेल आणि कडा कुरतडल्यासारख्या दिसतील.

खरी बचत प्रकारात नसून जाडीत आहे. तुमच्या पंखाची एक बाजू पाऊण चौरस मीटर धरू. पिसं एकमेकांवर चढतात म्हणून फोम लागतो जवळजवळ दीड चौरस मीटर. २ मिमीत त्याचं वजन ३०० ग्रॅम, ५ मिमीत ७५० ग्रॅम. आणि पंखाला बाजू दोन! बहुतेक लोक ‘मजबुती’साठी ५ मिमी घेतात आणि मग हलक्या फोमच्या शोधात निघतात. ताठपणा फोमकडून मागायचाच नाही. तो हिराकडून घ्यायचा.

एक लांब पीस कसं करते ते सांगते. खराट्यातला चांगला सरळ हीर निवडायचा. नारळाचा हीर मुळाशी जाड आणि टोकाशी बारीक असतो, पक्ष्याच्या पिसाच्या दांडीसारखाच, त्यामुळे तासायचीही गरज नाही. २ मिमी फोममधून पिसाचा आकार कापायचा, पण दांडी बरोब्बर मध्ये नाही: उडायच्या पिसांची पुढची बाजू अरुंद असते, मागची रुंद. एवढा एक फरक केला की पीस लगेच खरं वाटू लागतं. कटरचं पातं नवं हवं आणि तिरकं धरायचं, म्हणजे कड उभी न राहता निमुळती होते. कडेला दोन-तीन ठिकाणी बारीक चिरा द्या, एखादी जरा उघडी ठेवा. सगळी पिसं इस्त्री केल्यासारखी असतील तर पंख प्लास्टिकचा दिसतो. मग हीट गन सतत हलती ठेवून फोम तापवायचा. पृष्ठभागाला बारीक तकाकी आली की तो ‘बंद’ झाला, आता रंग कमी पिईल. गरम असतानाच पालथ्या कढईवर दाबून हलकी गोलाई द्यायची. शेवटी हीर मागच्या बाजूने चिकटवायचा आणि त्याचं बूड इंचभर बाहेर ठेवायचं. ते बूड सांगाड्याच्या कामटीला बांधता येतं. गोंदाने धरलेलं पीस गर्दीत उपटून येतं, बांधलेलं येत नाही.

फोमला फोम चिकटवायला फेव्हिकॉल एसआर ९९८ सारखा रबरी चिकट गोंद. दोन्ही बाजूंना पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. एकदा दाबलं की हलवता येत नाही. त्याचा वास बंद खोलीत डोक्यात जातो आणि वाफ पेट घेते, म्हणून खिडक्या उघड्या, जवळ गॅस, उदबत्ती, सिगारेट काही नाही. साध्या कापडी मास्कने वाफ अडत नाही, सेंद्रिय वाफांसाठीचा काडतुसाचा मास्क मिळतो तो घ्या. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा वाळायला जास्त वेळ द्यावा लागतो. ग्लू गन सजावटीपुरती ठीक. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तिचा गोंद मऊ पडतो आणि कार्यक्रमस्थळी डिकी उघडली की पिसांचा ढीग मिळतो.

खरी पिसं वापरू का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. माझं मत, नको. रानपक्ष्यांच्या पिसांचा संबंध १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याशी येतो आणि विकणाऱ्याकडे कोणत्या पक्ष्याची पिसं आहेत हे तुम्हाला ओळखता येणार नाही. कोंबडीची, बदकाची रंगवलेली पिसं मिळतात, पण त्यांनी एवढा मोठा पंख भरायला ती ढिगाने लागतात आणि लांब पीस त्यांत नसतंच. छातीवर, गळ्याभोवती थोडी लावा हवं तर.

मांडणीसाठी जमिनीवर वर्तमानपत्रं जोडून पंख पूर्ण मापात काढा. पक्ष्याच्या पंखात टोकाकडची लांब पिसं बहुतेक १०च्या आसपास असतात, मग कोपरापर्यंतची मधली, आणि त्यांच्या मुळांवर लहान पिसांच्या ओळी. संख्येचं बंधन नाही. इंडोनेशियाच्या राजमुद्रेतल्या गरुडाला तर प्रत्येक पंखात १७ आणि शेपटीत ८ पिसं आहेत, कारण त्यांचा स्वातंत्र्यदिन १७ ऑगस्टचा. क्रमाचं बंधन मात्र आहे. कौलं जशी वळचणीकडून चढवत नेतात तशी आधी लांब पिसांची ओळ, मग तिच्या मुळांवर दुसरी, सगळ्यात शेवटी वरच्या कडेची बारीक पिसं. आणि ओळीत टोकाकडून पाठीकडे या, म्हणजे मागून पाहताना आतलं पीस बाहेरच्यावर चढतं. खऱ्या पंखात तसंच असतं.

पण फोटो पुढून काढतात, आणि पुढून दिसते ती पंखाची खालची बाजू. मागची बाजू महिनाभर खपून सजवतात आणि पुढून मात्र कामट्या, दोरे, गोंदाचे ओघळ दिसतात, असे पंख मी खूप पाहिलेत. पुढच्या बाजूलाही पिसं हवीतच, तिथे ओळी कमी चालतील. वजन वाढू नये म्हणून मुळाजवळ फोमऐवजी त्याच रंगाचं कापड ताणून त्यावर मोजकी पिसं लावा.

रंगासाठी माझा आग्रह: चित्रांतला सोनेरी गरुड बाजूला ठेवून ब्राह्मणी घार बघा. आपल्याकडे गरुडाचं रूप म्हणून मानतात ती हीच. मासळी उतरते अशा कोणत्याही बंदरावर ती दिसते. डोकं आणि छाती पांढरीशुभ्र, अंग आणि पंख विटकरी तांबूस, आणि लांब पिसांची टोकं काळी. हीच रंगसंगती घेऊन वर सोन्याचा हात फिरवला की गरुड देवळातला वाटतो आणि आकाशातलाही. आधी गडद अॅक्रिलिकचा पातळ थर, तो वाळल्यावर त्याच पिसावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग, दांडीपासून कडेकडे. फोमवर फेव्हिकॉलचे थर देऊन मग रंगवतात ती पद्धत कवचाला चांगली, पिसांना नाही; वाकणाऱ्या पिसावर ते थर तडकतात. फॅब्रिक कलर लवचीक राहतो. रंग पिसं बांधायच्या आधी द्या, आणि पंख तयार झाल्यावर पुन्हा एकदा सगळ्यावरून सावल्या टाका.

उघडझाप करणारे पंख पहिल्या वेशात करू नका. प्रत्येक बिजागरी म्हणजे नवीन सैल जागा, मोटार म्हणजे नवीन वजन, आणि तुमच्याकडे सहाच आठवडे आहेत.

वाहतुकीचं मात्र आत्ताच ठरवा, कारण त्यावर कापणी अवलंबून आहे. पंख मुळाशी निघतोच, मनगटाशीही निघू द्या. एकही तुकडा साडेतीन फुटांच्या वर नको. तसे तुकडे जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षात, गाडीच्या मागच्या सीटवर मावतात. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने न्यायचा विचार असेल तर आदल्या दिवशी दुपारी न्या आणि कुणाकडे तरी ठेवा. आयोजकांचे वेशाच्या आकाराबद्दलचे आणि गदा-चक्रासारख्या वस्तूंबद्दलचे नियम त्या वर्षीचे वाचा, दरवर्षी ते तेच असतील असं धरून चालू नका. पुढे कधी हाच वेश गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत घालायचा विचार आला तर मागच्या कापडाला पिसांखाली उभ्या फटी द्या. उघड्यावर वारा अशा पंखांना शिडासारखा धरतो आणि माणूस चक्क गिरक्या घेतो.

त्या दिवशी सोबत एक माणूस हवाच, तोही हौशी नको, कामाचा. तुमच्या मागे कोण उभं आहे ते तुम्हाला दिसत नाही, त्याला दिसतं. त्याच्या पिशवीत केबल टाय, कापडी टेप, सुई-दोरा, दोन जादा बोल्ट-नट, थोडे हीर आणि पाण्याची बाटली. बसायला पाठ नसलेलं स्टूल शोधायचं कामही त्याचंच. दर दीड-दोन तासांनी पंख काढून पाठ मोकळी करा. स्पर्धेत उतरणार असाल तर आजपासून प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवा: फळी, खोबण, उघडा सांगाडा, हिरासकट एक सुटं पीस. परीक्षक बहुतेक वेळा हे कसं उभं राहिलं असं विचारतात, आणि तयार पंखात यातलं काहीच दिसत नसतं.